व्हर्सायचा आरसेमहाल आणि खर्ड्याचा माळ

युसूफ वडगांवास माझें जाणें वर्षांतून एकदां, तेंहि कुलधर्माच्या निमित्तानें होतें. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतलें हें आमचें मूळ गांव. भोंवतीं काळी जमीन, लांबवर बालाघाटाच्या उजाड रांगा आणि मांजरेचें खोरें. नुसतें ‘वडगांव’ म्हटलें तर महाराष्ट्राच्या कोणत्याहि कोपऱ्यांत एखादें सांपडेल. पण त्याच्या आधीं ‘युसूफ’ आला, कीं ही पूर्वींची मोगलाई, हें जाणत्यास निराळें सांगावें लागत नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथें हैदराबादच्या निजामाचा अंमल होता.

यंदा फाल्गुनांत गेलों तेव्हां घरीं आत्याबाई होत्या. वय शहाऐंशी, दृष्टि मंद झाली आहे, पण स्मरण आणि जीभ दोन्हीं शाबूत. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ढेलजेंत घोंगडी टाकून आम्ही बसलों. आदल्या वर्षीं मी फ्रान्सला जाऊन आलों होतों. आत्याबाई म्हणाल्या, “तिकडं काय पाहिलंस ते सांग. फोटो नको काढूस, मला दिसत नाहीत. तोंडानं सांग.”

वाचकहो, तोंडानें सांगण्यासारखी एकच गोष्ट मला त्या वेळीं सुचली, ती म्हणजे व्हर्सायचा राजवाडा. ती मी मोठ्या उत्साहानें सांगितली. आणि सांगून झाल्यावर त्या म्हाताऱ्या बाईनें मला असा एक प्रश्न विचारला, कीं त्याचें उत्तर शोधण्यासाठीं मला दुसऱ्याच दिवशीं आणखी एक प्रवास करावा लागला. त्या दोन्ही प्रवासांची ही हकीकत आहे.

व्हर्साय हें पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारें वीस किलोमीटरांवर आहे. तेराव्या लुईनें १६२३ मध्यें तेथें शिकारीसाठीं एक लहानसें घर बांधिलें. त्याचा मुलगा चौदावा लुई यास तीच जागा आवडली. त्यानें त्या घराभोंवतीं राजवाडा उभारिला आणि १६८२ च्या मे महिन्यांत सगळा दरबार तेथें हालविला. पॅरिसवर त्याचा विश्वास नव्हता, आणि त्यास कारणहि तसेंच होतें. तो दहा वर्षांचा असतांना तेथील न्यायसभेनें व पुढें बड्या सरदारांनीं बंड केलें, आणि राजमातेला मुलास घेऊन रात्रीच्या वेळीं शहरांतून निघून जावें लागलें. ती रात्र तो जन्मभर विसरला नाहीं. मात्र मोठेपणीं त्या सरदारांचा बंदोबस्त त्यानें तुरुंगानें केला नाहीं, तो पाहुणचारानें केला. ज्याला हुद्दा, नेमणूक किंवा मुलीस चांगलें स्थळ हवें असेल त्यानें आपली जहागीर सोडून राजाच्या दारीं येऊन राहावें, असा शिरस्ता त्यानें पाडिला. जो येत नसे त्याच्यासाठीं कोणी शब्द टाकिला, तर त्या माणसाला आपण कधीं पाहत नाहीं, एवढेंच राजा म्हणे. आणि तेवढ्यानें त्या घराण्याचें दार बंद होई.

सकाळीं राजा उठे तोच पहिला दरबार. कोणी प्रथम आंत जावयाचें, कोणी मागाहून, हें ठरलेलें. सदऱ्याची एक बाही कोणी धरावयाची आणि दुसरी कोणी, हेंहि ठरलेलें. रात्रीं राजा निजावयास जाई तेव्हां मेणबत्तीचें घर हातांत धरून उभें राहण्याचा मान तो रोज एखाद्यास देई, आणि तो मान ज्यास मिळाला त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं सगळ्या वाड्यांत होई. राणीसमोर पाठ नसलेल्या तिवईवर बसण्याचा हक्क डचेस पदवीच्या स्त्रियांना होता; बाकीच्यांनीं उभें राहावयाचें. त्या तिवईसाठीं घराघरांत वैरें पडत.

“मग आपल्या व्याह्यांचे मानपान काय वाईट?” आत्याबाई मध्येंच म्हणाल्या. “ते दोन दिवसांत संपतात तरी.”

मीं त्यांना मारी आंत्वानेत राणीची गोष्ट सांगितली. ही ऑस्ट्रियाची राजकन्या १७७० मध्यें वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आंतच सोळाव्या लुईशीं लग्न होऊन व्हर्सायास आली. लुई तेव्हां युवराज होता. तिच्या सेवेंत असलेल्या माडाम कांपाँ या बाईनें आपल्या आठवणींत एका हिंवाळ्यांतील सकाळ वर्णिली आहे. राणी उघड्या अंगानें उभी आहे, दासीनें तिचें आंतलें वस्त्र हातीं धरिलें आहे, इतक्यांत दारावर टकटक होऊन वरच्या दर्जाची एक मानकरीण आंत आली. वस्त्र देण्याचा मान आतां तिचा. ती हातमोजे काढते आहे तोंच तिच्याहूनहि वरची आली. मग तिच्याहूनहि वरची. वस्त्र या हातांतून त्या हातांत फिरत राहिलें आणि फ्रान्सची राणी हात छातीशीं घेऊन थंडीनें कुडकुडत राहिली. आत्याबाई पोट धरून हंसल्या. “आमचं सोवळं कडक म्हणत होते, पण इतकं नव्हतं रे!”

नंतर आरसेमहाल सांगितला. त्याची लांबी ७३ मीटर. एका बाजूस बागेकडील सतरा कमानी, समोरच्या भिंतींत तशाच सतरा कमानी, आणि त्यांत बसविलेले ३५७ आरसे. त्या काळीं मोठा आरसा करावा तो व्हेनिसच्या कारागिरांनीं. राजाचा प्रधान कोल्बेर यानें ते कारागीर गुपचूप फोडून फ्रान्सांत आणिले आणि स्वदेशी कांचकाम उभें केलें. हा महाल १६७८ ते १६८४ या वर्षांत झाला. पहिल्या महायुद्धाचा तह २८ जून १९१९ रोजीं याच महालांत झाला आणि त्यावर हिंदुस्थानच्या वतीनें सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराज गंगासिंह होते. मी तेथें उभा राहिलों तेव्हां दुपारचें ऊन आंत आलें होतें. मनुष्य त्या महालांत पाऊल टाकितो तों आधीं स्वतःचीच प्रतिमा पाहतो, आणि मग दुसऱ्यांच्या नजरेंत आपण कसे दिसतों तें पाहतो. वर्षानुवर्षें तेथेंच वावरणाऱ्या माणसांना दुसरें कांहीं दिसेनासें झालें असेल, तर त्यांत नवल तें काय?

त्या वाड्यांत शिरकाव मात्र आपल्याला वाटतो तितका कठीण नव्हता. पोशाख व्यवस्थित असला आणि कमरेला तरवार असली कीं साध्या मनुष्यासहि आंत जातां येई; ज्याच्यापाशीं तरवार नसे त्याला ती दारावर भाड्यानें मिळे. सरदारी भाड्यानें मिळण्याची ही सोय मला मोठी अर्थपूर्ण वाटली.

पोशाखाचें तर शास्त्रच बनलें होतें. दरबारीं पुरुषांच्या बुटांच्या टांचा लाल. ती लाली कुलीनपणाची खूण. निळ्या रंगाचा एक विशिष्ट डगला राजाच्या लेखी परवानगीवांचून कोणास घालतां येत नसे, आणि त्या परवानगीसाठीं मोठमोठे सरदार खेटे घालीत. पुढें मारी आंत्वानेतच्या काळांत स्त्रियांच्या केशरचनेला ऊत आला. रोझ बेर्तें ही पॅरिसची एक पोशाख करणारी बाई. तिला राणीच्या महालांत मुक्तद्वार मिळालें आणि लोक तिला पोशाखांची मंत्री म्हणूं लागले. केंसांत आधारासाठीं तारा व लोंकर घालून वीत-दोन वीत उंचीचे मनोरे रचावयाचे, वर पिसें, फळें, फुलें. १७७८ मध्यें एका फ्रेंच जहाजानें इंग्रजांशीं झुंज दिली, तर त्या जहाजाची शिडांसकट प्रतिकृति डोक्यावर मिरविण्याची टूम निघाली. गाडींत बसतांना बायकांना गुडघे टेंकून बसावें लागे. आणि त्या सगळ्या मनोऱ्यावर पांढरी पूड भुरभुरावयाची. ती पूड गव्हाच्या सत्त्वाची असे.

येथें आत्याबाईंचें हंसणें थांबलें. “गव्हाच्या?” त्यांनीं विचारलें. मीं होय म्हटलें आणि कथेच्या भरांत पुढें गेलों.

कारस्थानांत सर्वांत गाजलेलें तें हिऱ्यांच्या कंठ्याचें. पॅरिसच्या दोन जवाहिऱ्यांनीं ६४७ हिऱ्यांचा एक कंठा करून ठेविला होता. राणीनें तो घेण्याचें नाकारिलें. रोहान नांवाचा एक बडा धर्माधिकारी राणीच्या मर्जींतून उतरला होता व ती मर्जी पुन्हां मिळावी म्हणून झुरत होता. झान द ला मोत या धूर्त बाईनें त्याला हेरिलें. राणीच्या नांवें खोटीं पत्रें लिहविलीं. १७८४ च्या उन्हाळ्यांत एका रात्रीं व्हर्सायच्या बागेंत राणीसारख्या दिसणाऱ्या एका मुलीला उभी करून तिच्या हातून त्याला गुलाबाचें फूल देवविलें. धर्माधिकारी पाघळला. राणीसाठीं म्हणून त्यानें उधारीवर कंठा घेतला, आणि तो लागलाच मोडला जाऊन हिरे परदेशीं विकले गेले. १७८५ मध्यें बिंग फुटलें. खटल्यांत धर्माधिकारी निर्दोष सुटला. राणी तर या प्रकरणांत मुळांतच निरपराध होती. पण लोकांनीं तिला कधींच क्षमा केली नाहीं. आरसेमहालांत इतकीं वर्षें जें दिसलें होतें त्यामुळें, जें घडलें नव्हतें तेंहि लोकांना खरें वाटूं लागलें होतें.

माझी कथा संपली. बाहेर चांदणें पडलें होतें. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या,

“सगळं ऐकलं. पण मला एक सांग. एवढा वाडा, एवढी माणसं, डोक्याला लावायला गहू. बळद कुणाचं होतं रे?”

शहरांतील वाचकांसाठीं सांगावयास हवें, कीं आमच्याकडील जुन्या घरांत भिंतींच्या आंत धान्य सांठविण्याची जी बंद खोली असते तिला बळद म्हणतात. आमच्या घराचें बळद आम्ही बसलों होतों त्याच्या पाठीमागेंच होतें.

मला पुस्तकी उत्तर ठाऊक होतें, तें मीं दिलें. जमिनीवरील ‘ताय’ नांवाचा मुख्य कर शेतकऱ्यांवर होता. सरदार आणि धर्मगुरु यांना त्यांतून बहुतांशीं सूट. मिठावर निराळा कर. १७७५ मध्यें धान्य महागलें तेव्हां ठिकठिकाणीं पिठासाठीं दंगे झाले. १७८८ चें पीक बुडालें. ५ ऑक्टोबर १७८९ रोजीं पॅरिसच्या बाजारांतील हजारों बायका पावसांतून पायीं व्हर्सायास गेल्या, त्या भाकरी मागावयास. दुसऱ्या दिवशीं त्या राजा, राणी आणि युवराज यांना घेऊन पॅरिसला परतल्या; बेकरी चालविणारा, त्याची बायको आणि त्याचा पोर आम्ही घेऊन आलों, असें त्या वाटेनें ओरडत होत्या. २१ जानेवारी १७९३ रोजीं राजाचा आणि १६ ऑक्टोबरास राणीचा शिरच्छेद झाला.

“ते तिकडचं झालं,” आत्याबाई म्हणाल्या. “आपल्या निजामाकडंही दरबार होताच की. तिथलं बळद कुणाचं?”

या प्रश्नाला माझ्यापाशीं तोंडपाठ उत्तर नव्हतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी खर्ड्यास जावयास निघालों.

व्हर्सायचा दरबार आणि आमचा मुलूख यांच्यामध्यें वाटतें तेवढें अंतर नव्हतें, हें कळंब, भूम करीत खर्ड्याकडे जातांना माझ्या मनांत घोळत होतें. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकांत सुरतेहून औरंगाबादेवरून गोवळकोंड्यास जात-येत असे. त्यानें येथून नेलेला मोठा निळा हिरा चौदाव्या लुईनें विकत घेतला. दख्खनच्या मातींतलें रत्न व्हर्सायच्या राजाच्या अंगावर असें चढलें. मग माणसेंहि आलीं. १७५१ मध्यें बुसी हा फ्रेंच सेनापति सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, दाखल झाला. मराठी कागदांत त्याला ‘मुसा बुसी’ म्हणतात. ‘मुसा’ हें फ्रेंचांच्या ‘मोंस्यू’चें आपल्याकडील रूप. पुढें सात वर्षें सलाबतजंगाच्या दरबारीं त्याचें वजन राहिलें आणि त्याच्या फौजेच्या खर्चासाठीं पूर्व किनाऱ्यावरचे सरकार प्रांत त्याला लावून दिले गेले. त्या दरबारचीं कारस्थानें आरसेमहालास लाजवतील अशीं होतीं. १७५८ च्या मे महिन्यांत औरंगाबादेस बुसीचा दिवाण हैदरजंग याचा निजामअलीच्या डेऱ्यांत खून झाला, आणि त्याच दिवशीं उसळलेल्या गोंधळांत शहानवाजखान हा जुना दिवाणहि मारला गेला. हा शहानवाजखान मोगल सरदारांचीं चरित्रें लिहिणारा विद्वान. त्याच्या ग्रंथाचे कागद लुटींत विखुरले आणि ते त्याच्या मित्रानें मागाहून गोळा केले.

खर्डा हें गांव अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत, बीड व धाराशिव जिल्ह्यांच्या सरहद्दीलगत आहे. गांवाबाहेर माळावर भुईकोट किल्ला उभा आहे. तो निजामाच्या पदरचे सरदार सुलतानजी निंबाळकर यांनीं अठराव्या शतकांत बांधिला. तट आणि बुरूज बऱ्याच अंशीं शाबूत आहेत. आंत मात्र बहुतेक मोकळें. फाल्गुनाच्या उन्हांत दगड तापले होते. तटावर चढून पाहिलें तर चहूंकडे सपाट रान, मधून ओढ्यांच्या रेघा. ११ मार्च १७९५ रोजीं याच रानांत निजाम आणि मराठे यांची लढाई झाली.

तंटा चौथाईच्या थकबाकीचा होता. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारीं हिशोब मागत होते. निजामअलीचा दिवाण मुशीरुल्मुल्क, ज्याला अरस्तूजाह हीहि पदवी होती, त्यानें हिशोबाऐवजीं हंसें केलें. नाना फडणविसाची दरबारांत सोंगें निघालीं. पुण्याच्या ब्राह्मणांना लंगोटी नेसवून, हातीं लोटा देऊन काशीच्या घाटावर बसवूं, अशा वल्गना झाल्याचें इतिहासकार नमूद करितात. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानें मदत देण्याचें नाकारिलें. तेव्हां निजामाचा सगळा भरंवसा रेमंड या फ्रेंच सेनापतीच्या कवायती पलटणींवर राहिला.

गंमत अशी, कीं समोरच्या बाजूसहि फ्रेंचच होते. दौलतराव शिंद्यांच्या कवायती कंपूवर पेराँ, होळकरांच्या पलटणींवर द्युद्रेनेक. आपल्या देशांत राजा-राणीचीं मस्तकें उतरून अडीच वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि हे त्याच देशाचे लोक येथें दोन दरबारांच्या मानापमानासाठीं एकमेकांवर तोफा डागीत होते.

निजाम लढाईस आला तो जनानखान्यासह. त्या जनान्याच्या पहाऱ्यास स्त्री-शिपायांच्या पलटणी होत्या. दिवसभराच्या चकमकींत रेमंडचे लोक नेटानें लढले आणि मोगलांचा पुरता मोड झालेला नव्हता. परंतु संध्याकाळीं तोफांच्या आवाजानें जनाना घाबरला. निजामाच्या वडील बेगमेनें, आपल्याला किल्ल्याच्या आश्रयास न नेल्यास मी पडदा सोडून बाहेर येईन, अशी धमकी दिल्याची कथा आहे. कारण कांहींहि असो, निजामानें माघारीचा हुकूम दिला. रात्रीच्या अंधारांत माघारीचा पळ झाला. सकाळीं पाहावें तों तोफा आणि सामानसुमान माळावर पडलेलें, आणि दख्खनचा सुभेदार या लहानशा कोटांत कोंडलेला. आंत पाण्याचे हाल झाले. दोन-तीन दिवसांतच त्यानें शरणागति पत्करिली. तीन कोट रुपये, दौलताबादचा किल्ला, परिंड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख आणि खुद्द अरस्तूजाह ओलीस, अशा अटी ठरल्या.

मीं तटावर उभें राहून तो आंकडा मनांत घोळविला. तीन कोट. निजामअलीनें ते हुकूम देऊन कबूल केले. भरावयाचे होते ते कोणी? लढाईआधीं दोन्ही फौजांनीं ज्या शिवारांतून कूच केलें, त्या शिवारांत फाल्गुन-चैत्र म्हणजे रब्बीची ज्वारी काढण्याचे दिवस. फौजेबरोबर हत्ती, घोडे, बैल, बाजार-बुणगे. मी वाटेनें पाहत आलों होतों तीं आजचीं रानें कापणीस आलेलीं होतीं. त्या वर्षीं त्यांतलें किती घरीं आलें असेल?

पुण्याचा दरबार निराळा होता असें म्हणावयास मन होतें, परंतु इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. विजयानंतर सवाई माधवराव पेशवे खिन्न दिसले, असें ग्रँट डफनें लिहिलें आहे. एका पक्षानें इतक्या लाजिरवाण्या रीतीनें शरण यावें आणि दुसऱ्यानें न श्रमतां मिळालेल्या जयाची बढाई मारावी, याचें त्या एकविशींतल्या तरुणास वाईट वाटलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून वारले. गादीसाठीं जीं कारस्थानें झालीं, त्यांत ओलीस ठेवलेला अरस्तूजाहच एक सोंगटी झाला. १७९६ च्या महाडच्या करारानें खर्ड्याला मिळविलेलें बहुतेक परत देण्याचें कबूल करण्यांत आलें. रेमंड २५ मार्च १७९८ रोजीं हैदराबादेस वारला. तेथील मुसारामबाग हें नांव त्याच्यावरूनच पडलें असें सांगतात. त्याच ऑक्टोबरांत इंग्रजांनीं त्याच्या पलटणींचीं शस्त्रें काढून घेतलीं आणि निजामाची फौज कंपनीच्या हातीं गेली. वीस वर्षांत पेशवाईहि बुडाली. ज्यांनीं एकमेकांना लंगोटी नेसविण्याच्या गोष्टी केल्या, त्या दोघांचींहि वस्त्रें तिसऱ्यानेंच नेलीं.

रात्रीं वडगांवास परतलों. आत्याबाई जाग्याच होत्या. “मिळालं का बळद?” त्यांनीं विचारलें.

मीं खर्ड्याची हकीकत सांगितली. तीन कोटींचें सांगितलें. आणि शेवटीं जरा आवेशानेंच म्हणालों, कीं व्हर्साय काय, हैदराबाद काय, पुणें काय, सगळ्या दरबारांचें बळद म्हणजे अशीं आपल्यासारखीं गांवें. आपल्याच घामावर तीं झुंबरें लागलीं.

आत्याबाईंनीं मान हालविली. “आपल्या? आपला घाम कुठला रे? तो कोनाड्यांतला रुमाल काढ.”

रुमाल म्हणजे कापडांत बांधलेलें जुन्या कागदांचें गांठोडें. आमच्याकडे गांवचें कुलकर्ण होतें; पणजोबांच्या हातचे मोडी कागद त्यांत आहेत. मला मोडी थोडीबहुत लागते. दिव्याजवळ धरून मीं वाचावयास सुरुवात केली. असामीचें नांव, जमीन, आकार, वसूल, बाकी. अक्षर इतकें सुरेख, कीं एकेक ओळ मोत्यांच्या सरासारखी. कांहीं नांवांपुढें ‘नादार’ असा शेरा. आणि कांहींपुढें एकच शब्द: ‘परागंदा’.

“वाच, नावं वाच,” आत्याबाई म्हणाल्या. “मला लहानपणी वडील वाचून दाखवायचे. म्हणायचे, दरबार हैदराबादेत, पण त्याची लेखणी आपल्या घरांत. आपण घेतलं नाही, लुबाडलं नाही, नुसतं लिहिलं. पण लिहिलं आपणच. बळद भरलेलं असायचं आपलं, तेव्हा ह्या लोकांनी गाव सोडलं.”

मीं वाचीत गेलों. पंचवीसतीस नांवें वाचलीं असतील. त्यांतल्या कांहीं आडनांवांचीं घरें आजहि गांवांत आहेत. सकाळीं मी त्यांच्याच गल्लींतून गेलों होतों. त्यांतल्या किती तरी दारांना कुलुपें होतीं. दिवाळीच्या सुमारास हीं माणसें बैलगाडी नाहीं तर ट्रॅक्टर करून ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. म्हातारीं माणसें तेवढीं मागें राहतात. सकाळीं मला त्या कुलुपांत विशेष असें कांहीं दिसलें नव्हतें.

व्हर्सायास मीं साडेतीनशें आरशांत स्वतःला पाहिलें होतें आणि खुश होऊन परतलों होतों. वडगांवच्या ढेलजेंत, दिव्याच्या उजेडांत, पणजोबांच्या सुरेख अक्षरांत मीं जें पाहिलें त्याला आरसा म्हणावें कीं नाहीं, हें मी वाचकांवर सोंपवितों. दुसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं मीं त्या कागदांचें बाळबोधींत नकल करण्याचें काम अंगावर घेतलें आहे. आत्याबाईंची एकच अट आहे: आंकडे मागाहून उतरले तरी चालतील, नांवें मात्र आधीं उतरावयाचीं.